वीस गुंठ्यांचा ऊस: कारखान्याला घालावा की गुऱ्हाळाला?

ऊस कुणाला घालायचा, हा प्रश्न दहा एकरवाल्याला फारसा पडत नाही. त्याच्या बांधावर चिटबॉय, म्हणजे कारखान्यासाठी ऊस नोंदवणारा माणूस, आपणहून येतो, तोडणीची टोळीही वेळेवर लागते. प्रश्न पडतो तो वीस गुंठे, तीस गुंठे, फार तर एकरभर ऊस असलेल्याला. त्याची तोड मागं पडते, एका खेपेपुरताही ऊस नसला तर टोळी नाक मुरडते आणि पैशाची निकड मात्र त्यालाच सगळ्यात जास्त असते. हा आढावा त्याच्यासाठी आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर, पन्हाळा, कागल, शिरोळ, हातकणंगले, राधानगरी या पट्ट्यात त्याच्यापुढं साधारण चार वाटा असतात: सहकारी कारखाना, खासगी कारखाना, गूळ करून मार्केट यार्डात नेणं, आणि गूळ करून स्वतः विकणं.

बहुतेक जण तुलना करताना एकच आकडा पाहतात, तो म्हणजे टनाचा दर. मला तो आकडा सगळ्यात कमी कामाचा वाटतो. पैसे कधी मिळणार, मधल्या काळात नुकसान झालं तर ते कुणाच्या माथी, आणि सगळं वजा जाता गुंठ्यामागं हातात काय राहणार, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. दर त्यानंतर.

कारखान्याचा हिशेब

कारखाना सहकारी असो की खासगी, पहिल्या दराचा कायदा एकच आहे. केंद्र सरकार दर हंगामाला रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी ठरवतं. २०२५-२६ साठी १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलला ३५५ रुपये आणि त्यापुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये जादा, असा तो आहे. कोल्हापूरच्या उसाचा उतारा राज्यात सरस मानला जातो, त्यामुळं या वरच्या टप्प्याला आपल्याकडं महत्त्व आहे. उतारा १२ टक्के धरला तर टनाला ३,५५० अधिक साधारण ६०५, म्हणजे ४,१५५ रुपये होतात.

एवढं वाचून हरखून जाऊ नये. हा दर कारखान्याच्या दारातला असतो आणि तोडणी-वाहतूक त्यातून वजा होते. ती टनाला ८५० धरली तर हातात ३,३०५ राहतात. एकरी ४० टन पिकवणाऱ्याच्या वीस गुंठ्यांत २० टन ऊस निघेल आणि बिल होईल ६६ हजारांच्या आसपास. (उतारा, तोडणी-वाहतूक आणि पुढं येणारे गुऱ्हाळाचे खर्च मी हिशेबासाठी धरलेले आहेत. तुमच्या कारखान्याचे, तुमच्या गावचे आकडे घालून पुन्हा मांडा. रीत तीच राहील.)

तोडणी-वाहतुकीच्या आकड्यात एक गोम आहे. कारखाना लांबून ऊस आणतो तेव्हा त्या वाहतुकीचा खर्च सरासरीत मिसळतो आणि कारखान्याच्या शेजारी शेत असलेल्याच्याही बिलातून तेवढाच कापला जातो. दोन कारखान्यांचे दर शेजारी ठेवताना दोघांची तोडणी-वाहतूकही शेजारी ठेवावी. जाहीर झालेल्या दरात दिसणारा फरक बऱ्याचदा तिथंच जिरलेला असतो.

पैशाच्या तारखेबद्दल १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाची तरतूद स्पष्ट आहे. ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्क्यांनी व्याज. महाराष्ट्रात २०२२ च्या शासन निर्णयानं एफआरपीचे तुकडे पाडायला वाट करून दिली होती. शेतकरी नेते राजू शेट्टी त्याविरुद्ध न्यायालयात गेले आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो निर्णय रद्द ठरवला. व्याजाचं म्हणाल तर ते मागणारा शेतकरी विरळाच. पुढच्या वर्षी त्याच कारखान्याची टोळी आपल्या फडात यायची असते, हे प्रत्येकाला ठाऊक असतं.

एफआरपीच्या वरचा पैसा येतो तो उत्पन्नाच्या वाटणीतून. रंगराजन समितीच्या शिफारशींनंतर महाराष्ट्रानं २०१३ मध्ये ऊस दराचा कायदा केला. साखर आणि बगॅस, मळी, प्रेसमड या उपपदार्थांच्या उत्पन्नाचे ७० टक्के, किंवा नुसत्या साखरेच्या उत्पन्नाचे ७५ टक्के शेतकऱ्याचे, असं त्यात आहे. शेतकरी संघटनेच्या जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत दर वर्षी जो आकडा मागितला जातो आणि ज्यावरून ट्रॅक्टर अडवले जातात, त्या भांडणाच्या मुळाशी हीच वाटणी असते. कारखान्याचा खर्च आणि उत्पन्न कोण तपासणार, हा त्यातला खरा मुद्दा. छोट्या शेतकऱ्याला घरी बसून ते तपासता येत नाही. आंदोलनानं वाढवून मिळालेले शंभर-दोनशे रुपये मात्र त्यालाही मिळतात.

सहकारी की खासगी?

या विषयावर आपल्याकडं भावनेनं फार बोललं जातं. सहकारी म्हणजे आपला, खासगी म्हणजे लुटारू. किंवा मग सहकारी म्हणजे राजकारण आणि खासगी म्हणजे रोख व्यवहार. दोन्ही म्हणी निवडणुकीपुरत्या ठीक आहेत. एफआरपी दोघांनाही सारखीच लागू आहे, आणि थकबाकी ठेवणारे दोन्हींकडं सापडतात. साखर आयुक्त कार्यालयाकडून हंगामात एफआरपीच्या थकबाकीचे तक्ते निघतात. ज्या कारखान्याकडं ऊस नोंदवायचा, त्याचे मागच्या तीन हंगामांचे तक्ते काढून पाहा. ज्याच्यावर आयुक्तांना महसुली वसुलीची कारवाई करावी लागली, त्याच्या दारात वीस गुंठेवाल्यानं जाऊ नये. मोठा शेतकरी सहा महिने थांबू शकतो, तुम्ही नाही.

सहकारी कारखान्याची बाजू भक्कम होते ती दुसऱ्या कारणांनी. सभासदाला सवलतीची साखर मिळते, वार्षिक सभेत ताळेबंद मागता येतो (ओरडून का होईना), आणि नोंदीच्या क्रमपाळीनं तोड मिळण्याचा हक्क सांगता येतो. शिरोळच्या श्री दत्त कारखान्यानं क्षारपड जमिनी सुधारण्यासाठी सच्छिद्र पाइपांच्या निचरा योजनेचं काम मोठ्या प्रमाणावर केलं. शेतकऱ्याची जमीन पुढच्या पिढीत पिकत राहण्यात सहकारी कारखान्याचाही स्वार्थ असतो, तो असा दिसतो. खासगी कारखान्यानं हे करू नये असं कुठं लिहिलेलं नाही. पण त्याला उसाशी देणंघेणं. जमिनीशी असेलच असं नाही.

आणि गावच्या विकास सेवा संस्थेचं (कर्ज देणाऱ्या सहकारी संस्थेचं) पीककर्ज. ऊसबिलातून संस्थेची वसुली परस्पर होते. ही सोयही आहे आणि दावंही. कर्ज वेळेत फिटतं, पुढचं मिळतं. पण बिल हातात पडेपर्यंत त्यातलं निम्मं गेलेलं असतं. ज्याचं कर्ज संस्थेचं आहे आणि ऊस तारण दाखवलेला आहे, त्यानं तो परस्पर गुऱ्हाळावर नेण्याआधी सचिवाशी बोलून घ्यावं. नाहीतर मार्चअखेर थकबाकीदाराच्या यादीत नाव येईल आणि व्याजसवलत जाईल.

खासगीकडं जायचं एकच चांगलं कारण मला दिसतं: तुमच्या कारखान्याची तोड फेब्रुवारी-मार्चवर ढकलली जातेय आणि खासगीवाला डिसेंबरात टोळी देतोय. उसाला तुरा आला, की वजन हातचं जायला लागतं. लवकर तुटलेल्या उसाचा खोडवाही (बुडख्यातून फुटणारं पुढचं पीक) चांगला फुटतो. उशिराच्या तोडीत टनामागं पन्नास-शंभर जास्त मिळाले तरी ते इथं भरून येत नाहीत.

बिलात न दिसणारी कपात

दोन्ही कारखान्यांबाबत हा भाग सारखाच आहे आणि छोट्या शेतकऱ्याला सगळ्यात जास्त तोच झोंबतो. टोळीला खुशाली (वरचे पैसे), वाहनाच्या ड्रायव्हरला एंट्री (खेपेमागं वेगळी रक्कम), कधी कोंबडं, कधी डिझेल. तोडणीचे पैसे बिलातून कापले जातातच, तरी हे वेगळं द्यावं लागतं. साखर आयुक्तांनी अशी वसुली बेकायदा म्हणून सांगितलेलं आहे. पण फड अर्धा तुटलाय आणि टोळी उद्या दुसऱ्या गावाला जाणार, अशा वेळी परिपत्रक कोण दाखवणार?

टोळीलाच दोष देऊन मात्र भागत नाही. बीडकडून, कर्नाटकातून आलेली ती माणसं मुकादमाच्या उचलीत (आगाऊ घेतलेल्या पैशांत) अडकलेली असतात. पहाटे चारला थंडीत फडात उतरतात, बायका डोक्यावर मोळ्या वाहतात, पोरं पाचटात झोपतात. साखळीतला खरा शेवटचा माणूस शेतकरी नाही, हा कोयता धरणारा आहे. त्यांच्या कल्याणासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं महामंडळ आहे आणि कारखान्यांकडून टनामागं १० रुपये घ्यायचं ठरलं. शेतकऱ्याला रास्त दर हवा असेल, तर तोडणीच्या मजुरीचाही दर उघडपणे बिलात दिसावा, असं मला वाटतं. खुशाली नावाच्या अंधाऱ्या वाटेनं तो फिरू नये.

तोडणी यंत्राचा पर्याय वीस गुंठ्यांना जवळपास नाहीच. यंत्राला लांब सरी आणि वळायला जागा लागते, शिवाय पाचटापोटी वजनात कपात धरली जाते. वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, हाही विचार करण्याचा मुद्दा आहे. ज्याच्या दारात दोन म्हशी आहेत त्याला वाडं म्हणजे पंधरा दिवसांची वैरण. कारखान्याच्या तोडीत ते बहुधा टोळीकडं जातं, गुऱ्हाळाच्या तोडीत तुमच्याकडं राहतं.

काट्याबद्दल शंका असेल तर बाहेरच्या काट्यावर वजन करून ऊस नेता येतो, कारखान्यानं त्याला हरकत घ्यायची नाही. एकदा तरी करून बघावं.

गूळ: मार्केट यार्डाची वाट

गूळ म्हटलं की कोल्हापूरकराचा ऊर भरून येतो. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी वसवली ती याच व्यापारासाठी. आजही शाहू मार्केट यार्डातला गुळाचा सौदा देशात ओळखला जातो, गुजरात हे त्याचं मोठं गिऱ्हाईक आहे, आणि २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकनही मिळालं. एवढं असून गावोगावच्या गुऱ्हाळांची चुलवाणं थंड का पडली, त्याचं उत्तर हिशेबात आहे.

तोच २० टन ऊस घ्या. टनाला ११५ किलो गूळ धरला तर २३ क्विंटल होतो. क्विंटलला ४,००० दर मिळाला तर ९२ हजार. त्यातून तोड आणि गुऱ्हाळापर्यंतची ओढणी टनाला ७०० प्रमाणे १४ हजार. घाणा, गुळव्या (गूळ शिजवणारा कारागीर), चुलव्या (जाळ घालणारा) आणि बाकीची माणसं मिळून टनाला १,००० प्रमाणे २० हजार. यार्डापर्यंतचं भाडं, हमाली, तोलाई वगैरे पट्टीतल्या (अडत्याच्या हिशेबाच्या कागदातल्या) कपाती साडेचार हजार. उरतात ५३,५००. कारखान्यापेक्षा साडेबारा हजार कमी.

बरोबरीला यायचं तर गुळाला साधारण ४,५५० च्या वर दर हवा. हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. सौद्यात उत्तम रव्याला (गुळाच्या ढेपेला) तो मिळतोही. पण तुमचा प्रत्येक रवा उत्तम निघेलच असं नाही. एखाद्या आदणात (एका वेळच्या काहिलीत) गुळव्याचा हात चुकला, पाक पुढं गेला, रंग काळवंडला की तो माल खालच्या भावात जातो. उसाला कारखान्यात उताऱ्याचा सरासरी दर मिळतो, गुळाला डोळ्यानं पाहून. हा धोका सगळा शेतकऱ्याचा.

रंगाच्या या वेडापायीच गुळाची वाट लागली. पिवळाधमक गूळ हवा म्हणून हायड्रॉस (रंग उजळवणारं रसायन) पडायला लागला, आणि साखर स्वस्त झाली की ती काहिलीत ओतून वजन वाढवणारेही निघाले. नुसत्या उसाच्या रसाचा गूळ करणारा त्यांच्या दराशी बरोबरी करू शकत नाही. शेजारच्या कर्नाटकातला गूळही कोल्हापूरच्या नावावर विकला जातो. मानांकनाचा उपयोग इथं व्हायला हवा होता. पण ज्या शेतकऱ्यानं अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदच केली नाही, त्याच्या पट्टीवर त्या मानांकनानं एक रुपया वाढत नाही.

अडत्याकडून हंगामाआधी घेतलेली उचल हा आणखी एक पेच. ती घेतली की माल त्याच्याच दुकानी लावावा लागतो. कारखान्यात कर्जाची दोरी संस्थेच्या हातात, इथं अडत्याच्या. एवढं मात्र मान्य करायला हवं की गुळाचे पैसे सौदा झाला की लवकर हातात येतात, चौदा दिवस मोजत बसावं लागत नाही.

गूळ: स्वतः विकायची वाट

चौथी वाट मला सगळ्यात आवडते, आणि म्हणूनच तिच्याबद्दल जपून लिहितो.

पूर्ण वीस गुंठे या वाटेनं नेऊ नयेत, दहाच न्यावेत. दहा गुंठ्यांचा १० टन ऊस, त्याचा ११५० किलो गूळ. बिनरसायनाचा, चुना आणि भेंडीच्या चिकानं रसातली मळी (घाण) काढलेला, एक किलोच्या ढेपा आणि थोडी काकवी. किलोला ७० रुपये मिळाले तर ८०,५००. तोड-ओढणी ७ हजार, गुऱ्हाळ १२ हजार (लहान ढेपांना जादा माणसं लागतात), पुडकी आणि पोहोचवणं किलोला ८ रुपये म्हणजे ९,२००. उरले ५२,३००. याच दहा गुंठ्यांचे कारखान्यातून ३३ हजार आले असते.

फरक १९ हजारांचा दिसतो. आता अडचण. एक घर वर्षाला बारा किलो गूळ खाईल असं धरलं, तर ११५० किलोला शंभराच्या आसपास घरं हवीत. पुण्या-मुंबईतले पाहुणे, मुलाच्या कंपनीतले मित्र, गल्लीतलं भिशी मंडळ असं जोडत जोडत पन्नास घरं होतात, पुढची पन्नास जड जातात. पावसाळा आला की गुळाला पाणी सुटायला लागतं. तिसरा हिस्सा उरला आणि तो जूनमध्ये यार्डात ४० नं द्यावा लागला तर साडेअकरा हजार तिथंच गेले. मग फरक उरतो आठ हजारांच्या आत, आणि फोन, निरोप, उधारी वसूल करणं ही सगळी मेहनत त्यातच. ती मेहनत बहुधा घरातली बाईच करते आणि हिशेबात तिची मजुरी कुणी धरत नाही.

दहा-बारा जणांनी मिळून केलं तर ही वाट रुंदावते. एकच चांगलं गुऱ्हाळ ठरवायचं, एकच गुळव्या, एकच लेबल. २०२० च्या केंद्राच्या शेतकरी उत्पादक कंपनी योजनेत सपाटीच्या भागात किमान ३०० सभासद लागतात आणि तीन वर्षांत व्यवस्थापनासाठी १८ लाखांपर्यंत मदत मिळते. कागदावर हे आकर्षक आहे. पण मदत संपली की मॅनेजरचा पगार कशातून द्यायचा, याचं उत्तर आधीच नसेल तर कंपनी काढू नये. नुसता गट करून, अन्नसुरक्षेची नोंदणी काढून, दोन हंगाम विकून बघावं. पाकीटबंद, लेबल लावलेल्या गुळावर २०२२ पासून ५ टक्के जीएसटीही लागू झाला आहे, तोही दरात धरावा.

सेंद्रिय प्रमाणपत्राच्या मागं लगेच लागू नये. रूपांतराची दोन-तीन वर्षं, शेजारच्या रानातून येणारं पाणी, कागदपत्रं. ओळखीच्या गिऱ्हाइकाला यातलं काही लागत नाही, त्याला तुमचा शब्द पुरतो. परदेशी पाठवायचं असेल तेव्हा प्रमाणपत्र.

जमिनीची बाजू

दराच्या तुलनेत जमीन विसरली जाते. कारखान्याला टन हवेत, त्यामुळं शेतकरी टनावर धावतो: पाणी जादा, युरिया जादा. शिरोळ-हातकणंगल्याच्या नदीकाठच्या मळीच्या रानात त्याचं मीठ वर आलेलं दिसतंच. गुळाला याच्या उलट हवं असतं. खत आणि पाणी शेवटी तोडलं नाही तर गूळ चिघळतो, खारट लागतो. म्हणून गुळासाठी राखलेला तुकडा आपोआप जरा शिस्तीत राहतो. जातीचाही फरक पडतो. को ८६०३२ दोन्हीकडं चालते, को ९२००५ गुळाला चांगली, आणि कोएम ०२६५ क्षारांच्या चोपण रानात टन देते पण तिचा गूळ करायला जाऊ नये. कोल्हापुरातल्या प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्रात विचारलं तर आपल्या मातीला काय लावावं ते सांगतात.

गुऱ्हाळ म्हणजे पर्यावरणाला चांगलंच, असंही समजू नये. चिपाड ओलं असलं की काही चुलवाणांत टायरचे तुकडे पडतात. ऊस न्यायच्या आधी चुलवाणाच्या तोंडाशी उभं राहून काय जळतंय ते बघावं, वास सांगतो. नदीकाठची रानं, म्हणजे २०१९ आणि २०२१ ला बुडालेली, गुळासाठी धरूच नयेत. पुरात राहिलेल्या उसाचा गूळ बसत नाही. कारखान्यात त्याचे काहीतरी पैसे होतात.

मग मी काय करीन?

वीस गुंठे, संस्थेचं कर्ज, दारात दूध. अशा घरानं पंधरा गुंठे सहकारी कारखान्यालाच घालावेत, त्याची थकबाकी नसेल तर. पाच गुंठ्यांचा गूळ करावा, तोही पन्नास घरांची यादी आधी हातात असेल तर. यादी नसेल तर नाही. दुधाचं बिल दर दहा दिवसांनी येतं, त्यावर घर चालतं, म्हणूनच गूळ सावकाश विकायला सवड मिळते. दूध नसलेल्या घरानं या फंदात पडू नये. ज्याच्यावर कर्ज नाही आणि ज्याचा मुलगा पुण्यात आहे, त्यानं दहा गुंठ्यांपर्यंत जायला हरकत नाही. यार्डात नेण्यासाठी गूळ मी करणार नाही, दर ४,५५० च्या खाली असेपर्यंत तरी.

एक छोटी वाट राहिली. नवी जात लावलेली असेल तर दोन-चार गुंठ्यांचा ऊस नऊ-दहा महिन्यांवर बेण्याला द्यावा. टनाला या चारही वाटांपेक्षा जास्त मिळतात, आणि गिऱ्हाईक स्वतःच कोयता घेऊन येतं.

हे सगळं लागणीआधी ठरवायचं आहे, कारण जात त्यावर ठरते. गुऱ्हाळाची पाळी गणपतीतच सांगून ठेवा. चांगला गुळव्या दिवाळीपर्यंत मोकळा राहत नाही.